डोनर गाडीवरून मारुती ८००चं इंजिन घरच्या अंगणात बदलायचं असेल तर

कराडजवळच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. वडिलांची १९९९ची कार्बोरेटरवाली मारुती ८००. चिपळूणहून येताना कुंभार्ली घाटात पाण्याचा होस फुटला. टेंपरेचरचा काटा वर गेला, मग थोड्या वेळानं आपोआप खाली आला, म्हणून गाडी तशीच चालवली. पाटणच्या अलीकडे इंजिन धरलं, म्हणजे जाम झालं. दोन दिवसांनी गावातल्या एका हौशी मेकॅनिकनं टोचन लावून, गियरमध्ये टाकून इंजिन 'सोडवायचा' प्रयत्न केला आणि कनेक्टिंग रॉड ब्लॉक (इंजिनाचा मुख्य लोखंडी सांगाडा) फोडून बाहेर आला. आता त्याच्यासमोर दोन डोनर गाड्या आहेत, म्हणजे इंजिन काढून घ्यायला विकत मिळणाऱ्या जुन्या गाड्या. एक २००३ची एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल सोडणारी) ८००, मागून ठोकलेली पण इंजिन चालू. मालक ३० हजार सांगतोय. दुसरी १९९८ची कार्बोरेटरवाली, शेतातल्या शेडमध्ये तीन वर्षं उभी, १२ हजार. दिवाळीच्या सुट्टीत चुलतभावाला सोबत घेऊन, अंगणातल्या आंब्याला चेन ब्लॉक (साखळीची कप्पी) बांधून काम उरकायचं आहे. जमेल का, आणि कुठली गाडी घ्यावी?

जमेल. आंब्याचा बेत तेवढा सोडा, त्याचं पुढे सांगतो. डोनर शेडमधलीच घ्या, मात्र खाली सांगतोय त्या परीक्षेत ती पास झाली तर. चालू इंजिन सोडून बंद इंजिन घ्या म्हणणारा माणूस तुम्हाला येडा वाटेल, म्हणून आधी कारण सांगतो.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात ३१ वर्षं गॅरेज चालवलं. ८००ची इंजिनं किती उतरवली त्याचा हिशेब ठेवलेला नाही. १९८३च्या डिसेंबरात पहिली ८०० आली आणि २०१४च्या जानेवारीत उत्पादन थांबलं. एवढ्या काळात मूळ इंजिनाचं घराणं तेच राहिलं. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, ६८.५ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ७२ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव). त्यामुळे भंगार बाजारात कुणालाही विचारा, 'सगळं सेम हाय, बसतंय' हेच उत्तर मिळणार. ब्लॉकपुरतं ते बऱ्यापैकी खरंही आहे. पण एमपीएफआयचं इंजिन एकटं येत नाही, वऱ्हाड घेऊन येतं. ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), त्याचं अख्खं वायरिंग, मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधल्या हवेच्या दाबाचा), थ्रॉटलचा सेन्सर, पाण्याचा सेन्सर, सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर, तीन इंजेक्टर आणि टाकीच्या आत बसणारा इलेक्ट्रिक पंप. तुमच्या गाडीतला पेट्रोल पंप इंजिनाच्या कॅमवर चालतो आणि चौरस सेंटिमीटरला जेमतेम पाव किलोचं प्रेशर देतो. इंजेक्टरला अडीच किलोच्या घरातलं प्रेशर लागतं. म्हणजे टाकी बदला, लाइन बदला, प्रत्येक होस आणि प्रत्येक क्लिप बदला. यातला एक जुना होस राहिला तरी पेट्रोलची पिचकारी गरम मॅनिफोल्डवर. असं अर्धवट केलेलं काम माझ्याकडे दोनदा आलं होतं. दोन्ही वेळा मालकाला सांगितलं की गाडी इथनं ढकलत न्या, चालू करू नका.

होत नाही असं नाही. ती ठोकलेली गाडी टाकीसकट, वायरिंगसकट पूर्ण हाताशी असेल तर महिनाभरात होईल. दिवाळीच्या सुट्टीत होणार नाही, आणि आरटीओत इंजिनाचा प्रकारच बदलला म्हटल्यावर वेगळी डोकेदुखी. ओम्नीचं इंजिन कुणी दाखवलं तर तेही नको. ओम्नीत ते पुढच्या सीटखाली लांबीत बसतं आणि मागची चाकं फिरवतं; तुमच्या गाडीत आडवं बसतं आणि पुढची फिरवतं. ब्लॉक जमवला तरी चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी), फाउंडेशनचे (इंजिन बॉडीला धरणाऱ्या आधारांचे) ब्रॅकेट असली यादी वाढत जाते.

तुमचा ब्लॉक फुटला नसता तर मी डोनरच घेऊ नका म्हटलं असतं. उद्यमनगरात बोअर करून, ओव्हरसाइझ पिस्टन टाकून, क्रँक ग्राइंड करून इंजिन उभं राहतं आणि नंबर तोच असल्यामुळे कागदाला हात लावावा लागत नाही. पण भोक पडलेल्या ब्लॉकवर आता बोलण्यात अर्थ नाही.

आता शेडमधली गाडी. बघायला जाताना बॅटरी घेऊन जाऊ नका. मालक म्हणेल, 'धक्का मारला की चालू होतीय.' मारू देऊ नका. तीन वर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा बोअरला गंजानं चिकटलेल्या असू शकतात. सेल्फनं किंवा धक्क्यानं झटका बसला की रिंग मोडते, आणि तुम्ही चांगलं इंजिन स्वतःच्या हातानं बिघडवून विकत घेता. आधी तीन प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि विसार देऊन घरी या. दोन दिवसांनी परत जा. गाडी न्यूट्रलमध्ये, प्लग बाहेर, क्रँक पुलीच्या बोल्टला रिंग पाना लावून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं हातानं फिरवा. पूर्ण दोन फेरे. सुरुवातीला जड जाईल, मग सुटेल. कुठे एका जागी टणक लागून थांबत असेल तर जोर लावू नका. तिथेच सौदा सोडा किंवा भंगाराच्या भावात बोला.

फिरतंय म्हटल्यावर ऑइल भरायचं झाकण उघडा. आतून दुधाळ, कॉफीच्या फेसासारखा थर असेल तर पाणी ऑइलमध्ये गेलंय. मग टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, काढा. दहाच्या पान्याचे थोडे बोल्ट असतात, मालक काही म्हणत नाही. आत चहाच्या रंगाचा पातळ थर असला तर ऑइल वेळेवर बदललेलं इंजिन. डांबरासारखा काळा गाळ असेल तर मीटर काहीही दाखवू दे, ते इंजिन थकलेलं आहे. एअर क्लीनर उघडा. एकदा मलकापूरकडच्या अशाच एका शेडमधल्या गाडीचं उघडलं तर आत भुईमुगाच्या टरफलांचं घर आणि त्यात तीन गुलाबी पिल्लं. उंदीर कार्बोरेटरपर्यंत पोचलेत का, वायरी कुरतडल्यात का, ते बघून ठेवा. वायरिंग तुम्ही स्वतःच्या गाडीचंच वापरणार आहात, पण इंजिनाच्या तोंडात काय गेलं हे कळायला हवं.

मग कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते. आता चार्ज केलेली बॅटरी आणि चालू सेल्फ लागतो. तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची मधली वायर काढून बॉडीला टेकवलेली, एकानं ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, दुसऱ्यानं गेज लावायचा. नवीन इंजिन साडेतेरा किलोच्या घरात दाखवतं. जुन्याला बाराच्या आसपास मिळालं तर खूश व्हा, पण माझं लक्ष आकड्यापेक्षा फरकावर असतं. तिन्हींमध्ये १ किलोपेक्षा जास्त तफावत नको. एक सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात पुन्हा चमचाभर ऑइल सोडून मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्यात. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह धरत नाही किंवा हेडचं पॅकिंग गेलंय. व्हॉल्व्हचं काम तुमच्या आवाक्यातलं आहे, हेड उतरवून उद्यमनगरात लॅप करून (घासून घट्ट बसवून) मिळतं. रिंगांचं असेल तर सौदा परत विचारात घ्या.

पैसे मोजायच्या आधी कागद. लोक हे शेवटी बघतात आणि मग रडतात. ब्लॉकवर कोरलेला इंजिन नंबर आणि इंजिनच्या मागच्या फायरवॉलवरचा चॅसी नंबर, दोन्ही वायर ब्रशनं साफ करून, टॉर्च लावून स्वतःच्या डोळ्यांनी आरसीशी जुळवा. नंबरच्या जागी घासल्याची, पॉलिशची चमक दिसली तर तिथून निघा. मग इंजिन सोन्याचं का असेना. आरसीवर बँकेचा बोजा चढलेला असेल तर तो उतरवून घ्या. मालकाकडून इंजिन नंबर लिहिलेली विक्रीची पावती आणि आरसीची प्रत घ्या.

तुमच्या बाजूनं बघायचं तर मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ लागू होतं. आरसीवर इंजिन नंबर असतो, तो बदलला की नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं हे कलम बरंच कडक वाचलं: कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल नको. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला मालकासाठी ५ हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं आलं. म्हणून त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं, कार्बोरेटरच्या जागी कार्बोरेटरचं इंजिन, ही तुमच्यासाठी सगळ्यात सरळ वाट. काम सुरू करायच्या आधी कराडच्या आरटीओत जाऊन अर्ज, पावती, दोन्ही आरसी दाखवा आणि मंजुरी घ्या. बदल झाल्यावर इन्स्पेक्टर गाडी बघेल, आरसीवर नवा नंबर चढेल, मग विमा कंपनीलाही तो कळवा. जुन्या नंबरची पॉलिसी घेऊन फिरलात तर क्लेमच्या वेळी तोंडाला फेस येईल. डोनर गाडी कायमची निकामी झाली म्हटल्यावर कलम ५५प्रमाणे तिची नोंदणी रद्द करायला १४ दिवसांत कळवायचं असतं. गाडी मालकाच्या नावावर आहे तोवर हे त्याच्याच सहीनं करून घ्या. नंतर तो फोन उचलत नाही.

एवढं झालं की डोनर घरी आणा. आणली रे आणली की खोलू नका, आणि हे मी सगळ्यांना दोन-दोनदा सांगतो. नुसतं उचललेलं इंजिन बाजारातून आणणं आणि अख्खी डोनर गाडी आणणं यातला फरक पैशाचा वाटतो, पण फरक असा की अख्खी गाडी तुम्हाला उत्तरपत्रिका देते. तुमच्या ८००त पंचवीस वर्षांत किती मेकॅनिकांचे हात लागले असतील? कुणी व्हॅक्यूमचा होस स्क्रू घालून बंद केला असेल, कुणी अर्थिंगची वायर दुसऱ्याच बोल्टला मारली असेल, कुणी लांब बोल्टाच्या जागी आखूड घातला असेल. गाडी चालत होती म्हणून चालत होती. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करा, दोन्हींची बॉनेटं काढा आणि अर्धा दिवस नुसतं बघा. जिथे फरक दिसेल तिथे फोटो काढा. मूळ होस कुठून कुठे जातो, थ्रॉटलची केबल कुठल्या क्लिपमधून वळते, कार्बोरेटरभोवतीच्या बारीक नळ्या कुठे जातात, हे कुठल्याही पुस्तकापेक्षा ती धूळ खाल्लेली गाडी नीट सांगते. आणि तुमची गाडी रस्त्यावर पाचशे किलोमीटर चालेपर्यंत डोनरचा सांगाडा भंगारात देऊ नका. मध्यरात्री एखादा बोल्ट हरवतो, तेव्हा तो तिथेच असतो.

आंबा. हिरवी फांदी किती ओझं पेलेल हे कुणीच सांगू शकत नाही, हा एक भाग. दुसरा असा की फांदी लवते. चेन ओढली की इंजिन वर जायच्या आधी फांदी खाली येते, मग एकदम सुटते आणि इंजिन झोक्यासारखं डोलतं. त्या क्षणी चुलतभावाची बोटं फाउंडेशन आणि बॉडीच्या मधे असतात. कराडला एखाद्या गॅरेजवाल्याकडून इंजिन उचलायची क्रेन दोन दिवस भाड्यानं मिळते का बघा, चहापाण्यासकट परवडेल. नाहीतर जाड लोखंडी पाइपांची तिवई करून एक टनाचा चेन ब्लॉक लावा, तिवईचे पाय दोरखंडानं एकमेकांना बांधा म्हणजे फाकणार नाहीत. इंजिन वर घेतल्यावर गाडी मागे ढकलायची असते, तिवई सरकवायची नसते, म्हणून पाय गाडीच्या रुंदीच्या बाहेर हवेत आणि जमीन कठीण हवी. विहिरीच्या मोटारीचा नायलॉन दोर वापरू नका; तो ताणतो. गाडीखाली जायचं तर जॅक स्टँडच. जांभ्याचा चिरा किंवा सिमेंटचा ब्लॉक दबताना आवाज करत नाही, एकदम फुटतो.

उतरवायचं काम खरं तर सोपं आहे. दोन सरावाची माणसं सकाळी चालू करून दुपारच्या जेवणाआधी इंजिन बाहेर काढतात. तुम्हाला दोन दिवस लागू देत. बॅटरी काढायची, पाणी, इंजिन ऑइल, गियर ऑइल सोडायचं, रेडिएटर बाहेर, एअर क्लीनर बाहेर. पेट्रोलचे होस काढून तोंडात बोल्ट मारून क्लिप लावा आणि त्या दिवशी अंगणात बिडी-काडी बंद. क्लच केबल, ॲक्सिलरेटर, चोक, मीटरची केबल, हीटरचे होस, गियरची रॉड, सायलेन्सरचे नट. सायलेन्सरचे नट आदल्या रात्री गंज सोडवायच्या तेलात भिजवून ठेवा, नाहीतर स्टड मोडेल आणि अर्धा दिवस ड्रिलिंगमध्ये जाईल. प्रत्येक वायरीला आणि तिच्या जागेला एकाच नंबरची चिकटपट्टी लावा. 'माझ्या लक्षात राहतंय' म्हणणारा चुलतभाऊ असेल तर त्यालाच लावायला सांगा.

ॲक्सल काढताना घाई होते. बॉल जॉइंटचा बोल्ट काढून लोअर आर्म खाली दाबला की हब बाहेर सरकतो, मग गियरबॉक्सच्या बाजूनं आतल्या जॉइंटमागे टॉमी (लोखंडी दांडा) घालून एक झटका दिला की ॲक्सल सुटतो. हातानं ओढायचा नाही, ओढला की आतला जॉइंट वेगळा होऊन रबरी बूटमध्ये गोळ्या पडतात. सुटलेला ॲक्सल लोंबकळत ठेवू नका, तारेनं बांधा. गियरबॉक्समधली त्याची ऑइल सील नवीन टाका, ती काही महाग नाही.

इंजिन आणि गियरबॉक्स एकत्रच वर घ्या. इंजिनाला मुळातच दोन हुक असतात, साखळी त्यांनाच लावा. फाउंडेशनचे बोल्ट शेवटी, साखळीवर थोडा ताण घेतल्यावर काढायचे. वीतभर उचला, थांबा, चारही बाजूंनी बघा. शंभरातल्या नव्वद वेळा काहीतरी राहिलेलं असतं आणि बहुतेकदा ती गियरबॉक्सवरून बॉडीला गेलेली अर्थिंगची पट्टी असते. तिची गोष्ट पुढे येते.

दोन्ही इंजिनं जमिनीवर, जुन्या टायरवर ठेवलीत की खरं काम सुरू होतं, आणि इथे पैसे वाचवू नका. टायमिंग बेल्ट नवीन. जुन्या बेल्टचं वय कुणालाच माहीत नसतं. टेन्शनर फिरवून बघा, खरखर वाटली तर तोही. वॉटर पंप, थर्मोस्टॅट, पुढची आणि मागची क्रँक सील, कॅमची सील, चेंबरचं पॅकिंग, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, प्लग, फिल्टर. मागची क्रँक सील फ्लायव्हील काढल्याशिवाय दिसत नाही आणि गाडीत बसल्यावर ती बदलायची तर परत हाच सगळा खटाटोप. क्लच प्लेटही आत्ताच. फाउंडेशनची रबरं दाबून बघा, चिरलेली असतील तर नवीन.

फुटलेल्या इंजिनावरचं सगळंच मेलेलं नसतं. तुमचा कार्बोरेटर घाटात शेवटपर्यंत चालत होता. शेडमधल्या गाडीचा तीन वर्षं वाळलेलं पेट्रोल घेऊन बसलाय, त्याची जेट चिकट राळेनं भरलेली असणार. तुमचाच लावा, खाली नवीन पॅकिंग घालून. डायनॅमो आणि सेल्फही तुमचेच. गियरबॉक्सही तुमचाच ठेवा, त्यानं काही गुन्हा केलेला नाही; फक्त टोचनाच्या झटक्यानंतर सोडलेल्या ऑइलमध्ये लोखंडाची चमकती भुकटी दिसली तर डोनरचा वापरा. डिस्ट्रिब्यूटर मात्र डोनरच्या इंजिनावर आहे तो तसाच राहू द्या. जागेवरून हलवला नाही तर टायमिंग शोधत बसावं लागत नाही. प्लगच्या वायरींचा क्रम १-३-२, बेल्टच्या बाजूचा पहिला.

इंजिनाला गियरबॉक्स जोडताना धीर लागतो. क्लच प्लेट प्रेशर प्लेटमध्ये बरोबर मधोमध बसवायची, त्यासाठी डमी शाफ्ट वापरा. नसेल तर गोटी पान्याच्या एक्स्टेंशनला चिकटपट्टी गुंडाळून जाड करा, तेही चालतं. मग गियरबॉक्स सरळ पुढे सरकवायचा. शेवटी बोटभर फट राहते आणि पुढे जात नाही. इथेच माणूस बोल्ट घालून ती फट खेचून बंद करायला जातो. माझ्याकडे नवीन आलेल्या एका पोरानं हेच केलं होतं. कट्ट असा बारीक आवाज आला, त्याला वाटलं बसला. ॲल्युमिनियमच्या घराचा बोल्टचा कान अर्ध्यातून चिरला होता. फट राहिली म्हणजे शाफ्टचे दाते जुळले नाहीत किंवा प्लेट मधोमध नाही. गियरमध्ये टाका, ॲक्सलच्या बाजूनं थोडं फिरवा, हलकेच हलवा. जुळला की दोन्ही घरं हाताच्या दाबानं एकमेकांना टेकतात. त्यानंतरच बोल्ट.

बसवायच्या आधी पहिलं इंजिन का मेलं ते नीट करा, नाहीतर हेही त्याच वाटेनं जाईल. तुम्ही लिहिलंय की काटा वर गेला आणि मग आपोआप खाली आला. पाणी संपल्याची ती खूण होती. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवर तो पाण्याचं तापमान सांगतो. पाणी गेलं की तो कोरड्या पोकळीत लटकतो आणि काटा खोटं बोलायला लागतो. गाडी थंड झालीय असं वाटून तुम्ही चालवत राहिलात, तेव्हा आत ॲल्युमिनियमचं हेड वाकत होतं. पुढे कधी काटा वर जाऊन खाली आला तर त्या क्षणी गाडी बाजूला घ्या. आता सगळे होस नवीन, क्लिपा नवीन, रेडिएटर बाहेर आहेच तर धुऊन, प्रेशरवर लीक तपासून घ्या. फॅनचा स्विच काढून कढत पाण्यात टाका आणि मीटरनं बघा जोडतोय का. रेडिएटरचं झाकणही नवीन. त्याची स्प्रिंग मेली की पाणी लवकर उकळतं, आणि त्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

बसवणं म्हणजे उतरवण्याचा उलटा क्रम, चिकटपट्ट्यांचे नंबर बघून. फाउंडेशनचे बोल्ट आधी सगळे हातानं लावा, इंजिन जागेवर बसू द्या, मग आवळा.

आता ती अर्थिंगची पट्टी. साल आठवत नाही, पण गाडी पांढरी होती. सगळं लावलं, सेल्फ मारला, इंजिन मरगळल्यासारखं फिरलं, आणि डॅशबोर्डखालून धूर. बघतो तर ॲक्सिलरेटरची केबल लालबुंद होऊन तिचं प्लॅस्टिक वितळत होतं. अर्थिंगची पट्टी जोडायची राहिली होती. सेल्फला लागणारा तेवढा करंट बॉडीत परत जायला रस्ता शोधत होता आणि इंजिनाला बॉडीशी जोडणारं धातूचं त्याला तेवढंच सापडलं. त्या दिवसापासून मी पट्टी काढली की तिचा बोल्ट खिशात ठेवतो. खिशात बोल्ट असेल तर किल्ली लावायची नाही.

पहिल्यांदा चालू करताना: तीन लिटरच्या आसपास ऑइल, डिपस्टिक बघून. गियर ऑइल भरलं का, दोनदा बघा. पाणी-कुलंट भरून हीटर पूर्ण गरमवर ठेवा म्हणजे आतली हवा निघेल. कॉइलची मधली वायर काढून बॉडीला टेकवा आणि ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, मधे सेल्फला विसावा द्या. दिवा विझला की वायर लावा. पहिला धूर निळसर येईल, सिलिंडरमध्ये तुम्हीच सोडलेलं ऑइल ते. पाच-दहा मिनिटांत साफ झाला पाहिजे. रेस करू नका. एकानं खाली टॉर्च घेऊन गळती बघायची, एकानं काट्यावर आणि फॅनवर डोळा ठेवायचा. फॅन एकदा चालू होऊन बंद झाला की गाडी बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, पाणी परत बघा. ते हमखास कमी झालेलं असतं.

पहिले आठ दिवस गावातल्या गावात फिरवा. दररोज सकाळी डिपस्टिक आणि पाणी. पाचशे किलोमीटरला ऑइल बदला, कारण तीन वर्षांचा गाळ आता सुटून त्यात आलेला असतो, आणि फाउंडेशनचे, ॲक्सलचे, मॅनिफोल्डचे नट परत एकदा आवळा. कुंभार्ली घाट त्यानंतर.

राहिला तुमचा फुटका ब्लॉक. दारात भंगारवाला येईल, किलोवर भाव सांगेल, आणि घरचे म्हणतील घालवा एकदाचं. आरसीवर नवा नंबर चढेपर्यंत तो देऊ नका. इन्स्पेक्टरनं विचारलं तर जुना नंबर दाखवता आला पाहिजे. नंतर द्यायचा तेव्हाही नंबराच्या जागेवर ग्राइंडर मारून, फोटो काढून, तारखेची पावती घेऊनच द्या. तुमच्या नावाचा नंबर दुसऱ्या कुणाच्या इंजिनावर उगवायला नको.